आमच्या फ्रीजमधला डबा

“वहिनी, मी आत काही येत नाही हं. एवढं आमरसाचं पातेलं तेवढं ठेवून घ्या.”

असं म्हणत म्हणत मानकरबाई माझ्या स्वयंपाकघरात पोचल्यासुद्धा होत्या. माझे दोन्ही हात कणकेत, छकुली पायाला मिठी मारून रडतेय, आणि बाहेर मे महिन्याची दुपार अशी की पत्र्यावर पापड भाजून निघावा.

“जागा नाही, मानकरबाई,” मी म्हटलं.

“होते हो. सरकवलं की होते.”

त्यांनी फ्रीज उघडला. माझं दुधाचं भांडं उचलून चौधरीबाईंच्या गजऱ्यांवर ठेवलं, कुणाच्या तरी काकड्या खालच्या कप्प्यात ढकलल्या, आमरस मधे घुसवला आणि कमरेने एक धक्का देऊन दार लावलं. त्या फ्रीजचं दार कमरेने धक्का दिल्याशिवाय नीट लागत नसे. ही युक्ती मला उमगायला आठवडा लागला होता. वसाहतीतल्या बायकांना ती उपजतच येत होती.

“तुमचं बरं आहे बाई,” जाता जाता त्या म्हणाल्या. “थंडगार घर.”

घर भट्टीसारखं तापलेलं होतं. थंडगार होता तो फक्त फ्रीज, आणि त्यात त्या दुधाच्या भांड्याखेरीज माझं स्वतःचं काहीही नव्हतं.

ही ब्याऐंशी सालची गोष्ट. पुसदच्या पुढे एका धरणाचं काम चालू होतं आणि आमचे हे तिथे ओव्हरसियर होते. उघड्या माळावर पत्र्याच्या क्वार्टर्सच्या रांगा, एक शाळा आणि एक दवाखाना. दवाखान्यात एक कंपाउंडर आणि लाल औषधाची बरणी, बस. आजूबाजूच्या गावांत दिवस दिवस लाइन नसायची, पण धरणाच्या कामासाठी मोठं जनरेटर बसवलेलं असल्यामुळे वसाहतीत ती सहसा जात नसे. फ्रीज मात्र फक्त मोठ्या साहेबांच्या बंगल्यात होता. त्यांची बदली झाली, सामान फार झालं, म्हणून त्यांनी तो ह्यांना देऊन टाकला. पहिले काही दिवस मी त्याला रोज ओल्या फडक्याने पुसत होते. छकुलीला उचलून त्याच्यातला दिवा दाखवत होते.

मग ह्यांनी ऑफिसात जाहीर केलं, “फ्रीज काय, आपला सगळ्यांचाच समजा.”

सगळ्यांनी तसंच समजलं. कुणी श्रीखंड ठेवलं, कुणी डोशाचं पीठ, कुणी नातवाच्या वाढदिवसाचा केक. एका गृहस्थांनी कागदात गुंडाळून मटण ठेवलं आणि ते मटण आहे हे मला दुसऱ्या दिवशी वासावरून कळलं. बर्फ मागायला तर दिवसभर रांग. मी चिडले की हे म्हणायचे, “काय बिघडतं? मशीन आहे ते, थकत नाही.”

“मशीन थकत नाही, मी थकते!” मी म्हणायची. हे पेपर वाचत बसायचे.

पण या सगळ्यांहून मला जास्त वैताग होता तो इंगोलेकाकूंचा.

इंगोलेकाका धरणावर टाइमकीपर होते. आमच्या मागच्याच रांगेत राहायचे. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. काकू मात्र रोज सकाळी, माझं दूध तापायच्या आत, मागच्या दाराशी हजर. त्यांचा एक छोटा अ‍ॅल्युमिनियमचा डबा होता, फडक्यात गच्च बांधलेला. तो फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, अगदी मागे. त्या यायच्या, डबा पदराखाली घ्यायच्या, घरी जायच्या आणि थोड्या वेळाने परत आणून ठेवायच्या. संध्याकाळी पुन्हा तेच. मी काढून देऊ का म्हटलं तर नाही. मी ठेवते म्हटलं तरी नाही. स्वतः वाकून, सगळ्यांची भांडी बाजूला करून, स्वतःच्या हाताने ठेवायच्या.

“आहे तरी काय काकू त्यात?” मी एकदा विचारलंच.

“वैद्याचं औषध आहे. गुडघ्यासाठी. दुसऱ्यानं उघडलं की गुण जातो त्याचा.”

इतकंच असतं तर मी सोसलंही असतं. पण त्या वर मलाच शिस्त लावायच्या.

“गावंडेबाई, डबा बर्फाजवळ सरकला होता काल. बर्फाला लागू द्यायचा नाही.”

“बरं.”

“पण गार राहायला पाहिजे.”

“फ्रीज आहे काकू, गारच राहणार.”

“दुपारी लाइन गेली होती ना? किती वेळ गेली होती? तेव्हा तुम्ही दार उघडलं होतं?”

“माझ्या मुलीला पाणी द्यायला उघडलं होतं.”

“माठातलं द्यायचं ना,” काकू म्हणायच्या. “सारखं सारखं उघडू नये.”

माझ्याच घरात उभं राहून! मी रात्री ह्यांना सांगितलं की त्या बाईच्या गुडघ्यांचं मला काही खरं दिसत नाही, त्या चांगल्या तुरूतुरू पळत येतात. हे म्हणाले, “म्हणजे औषधाचा गुण येतोय.”

त्याच महिन्यात ह्यांची मामी दारव्ह्याहून चार दिवस राहायला आली. मामीचा मुलगा दिवाकर शेतकी खात्यात नुकताच लागला होता आणि मामी त्याच्यासाठी पोरगी बघत होती. इंगोल्यांची कुंदा तिने आमच्या अंगणात पाहिली. कुंदा होतीच नजरेत भरण्यासारखी. शेलाटी, मोठ्या डोळ्यांची, डी.एड. झालेली, वसाहतीच्या शाळेत शिकवायची.

“देविदास, ह्या पोरीचं पाय बरं,” मामी म्हणाली. “जातीतली हाये, शिकेल हाये. अजून काय पाह्यजे?”

ह्यांना असल्या कामात भारी उत्साह. लगेच इंगोल्यांकडे जाऊन बोलून आले. दुसऱ्या सकाळी डबा न्यायला आलेल्या इंगोलेकाकूंच्या चेहऱ्यावर आनंद होता की भीती ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, आनंदाने रडताहेत. दारव्ह्याला परत जाऊन मामी येत्या रविवारी दिवाकरला घेऊन येणार असं ठरलं. कार्यक्रम कुठे? तर आमच्याकडे. का? तर आमच्याकडे फ्रीज आहे. पाहुण्यांना उन्हातून आल्यावर गार सरबत द्यायला बरं पडेल.

शनिवारी दुपारी छकुलीला झोपवून माझाही जरा डोळा लागला. उठून पाहते तर स्वयंपाकघरात पाण्याचं तळं. कुणीतरी येऊन एक मोठा पितळी गंज आत कोंबला होता, तो दाराला अडत होता आणि दार बोटभर उघडं राहिलं होतं. बर्फ वितळून वाहत होता. छकुलीचं दूध फाटलं होतं. उद्यासाठी लावलेलं माझं श्रीखंड आंबट ढाण झालं होतं.

माझं डोकं फिरलं. मी एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. पातेली, गंज, गजरे, पीठ, काकड्या, सगळं पुढच्या ओट्यावर नेऊन मांडलं आणि रांगेच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “ज्याचं त्याने घेऊन जावं! आजपासून फ्रीज बंद! मी फ्रीज ठेवलाय, धर्मशाळा नाही उघडली!”

दारंखिडक्या उघडल्या. बायका खाली मान घालून येऊ लागल्या. मानकरबाई म्हणाल्या, “एवढं काय झालं बाई चिडायला?” तो गंज त्यांचाच निघाला.

शेवटचा राहिला होता काकूंचा डबा. मी तोही ओढला. फडक्याची गाठ सैल झाली होती, डबा ओट्यावर आपटला आणि झाकण उडालं. आत कापूस, कापसात रबरी बुचाची एक छोटी बाटली, शेजारी काचेची सिरिंज आणि सुया. वैद्याची मुळी कुठेच नव्हती. मी बाटली उचलली. वरची इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचली. इन्सुलिन.

तेवढ्यात इंगोलेकाकू धावत आल्या. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. त्या तापलेल्या मुरमातून तशाच अनवाणी.

“उन्हात ठेवलं? उन्हात ठेवलं तुम्ही?”

त्यांनी बाटली माझ्या हातातून हिसकून घेतली आणि आपल्या गालाला लावली. डोळे मिटून तशाच उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या गालाला लावली.

“गार आहे,” त्या म्हणाल्या. “अजून गार आहे.” आणि तिथेच ओट्यावर मटकन बसल्या.

मी बायकांना वाटेला लावलं, काकूंना हाताला धरून आत आणलं. डबा पुसून मधल्या कप्प्यात ठेवला. त्या फ्रीजला पाठ टेकून जमिनीवर बसल्या, जणू मी पुन्हा तो बाहेर काढीन.

“तुम्हाला साखरेचा आजार आहे हे सांगायला काय झालं होतं?” माझा राग अजून उतरला नव्हता. “मी काय नाही म्हटलं असतं?”

“मला नाही,” काकू म्हणाल्या. “कुंदाचं आहे ते.”

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“चौदाव्या वर्षापासून. सकाळ-संध्याकाळ टोचावं लागतं. नाही टोचलं तर पोरगी जगत नाही. आधी आम्ही दिग्रसकडे होतो. तिथं लाइनचा पत्ता नाही. मडक्यात ओली रेती भरायची, त्यात दुसरं मडकं, त्यात बाटली. परसालच्या उन्हाळ्यात ते औषध आतल्या आत खराब झालं. दिसायला तसंच. आम्ही टोचतोय, टोचतोय, अन् ती सुकत चाललीय. नागपूरला नेईपर्यंत तिला शुद्ध नव्हती.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “तिचे बाबा मग हात जोडून जोडून इथं बदली मागून आले. इथं लाइन असते म्हणून. अन् आल्यावर कळलं, गावंड्यांकडे फ्रीज आला.”

मी त्यांना माठातलं पाणी दिलं. मग एकदम उद्याचा रविवार आठवला.

“काकू, मामीला सांगितलंय हे?”

काकूंनी मागे हात नेऊन फ्रीजचं दार नीट लागलंय का ते चाचपलं.

“काकू!”

“सांगितलं तर कोण करेल पोरीला?”

“आणि न सांगता केलं तर? दारव्ह्याला मामीकडे फ्रीज नाही. तिथे पुन्हा मडकं आणि रेतीच ना? आणि तेही चोरून?”

“काहीतरी करू.”

“काय काहीतरी?”

“लग्न तर होऊ द्या आधी!” काकू ओरडल्या. मग लगेच माझे हात धरले. “छकुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, कुणाला बोलणार नाही.”

“माझ्या मुलीच्या डोक्याचा इथे काही संबंध नाही,” मी म्हटलं आणि हात सोडवून घेतले. शपथ काही घेतली नाही. पण बोलेन असंही म्हणाले नाही.

हे घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. ते बूट न काढताच खुर्चीत बसले.

“तू यात पडू नकोस, नलू.”

“मी पडले नाही, मला पाडलंय. फ्रीज सगळ्यांचा समजा असं कोण म्हणालं होतं?”

“उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ दे. मग बघू.”

“एक म्हणते लग्न होऊ द्या मग बघू, एक म्हणतो कार्यक्रम होऊ दे मग बघू. मधल्या मधे ती पोरगी मेली तर?”

“हळू बोल,” हे म्हणाले. ते त्यांचं ठरलेलं उत्तर होतं.

दिवेलागणीला डबा न्यायला काकू आल्या नाहीत. कुंदा आली. पहिल्यांदाच, आणि पुढच्या दाराने. मला तिच्याकडे बघायचा संकोच वाटत होता. तिला अजिबात नव्हता.

“वहिनी, इथेच घेऊ का? आईचे हात थरथरताहेत आज.”

तिने माझ्याच स्टोव्हवर पाणी उकळून सिरिंज आणि सुई त्यात टाकली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि दंडात सुई टोचून मोकळी झाली. मी चहा करायला घ्यावा इतक्या सहजपणे.

“वहिनी, दारव्ह्याला लाइन असते का हो?”

“असते. जातेही.”

“जास्त जाते?”

“मला काय माहीत!” मी वैतागून म्हटलं. “मला का विचारता सगळे? मी फ्रीज ठेवलाय, कोर्ट नाही उघडलं. तुझी आई म्हणते बोलू नका, आमचे हे म्हणतात पडू नको, आणि तू लाइन विचारतेस. ज्याच्यासाठी चाललंय सगळं त्या दिवाकरला कुणी विचारलंय का?”

कुंदा हसायला लागली. असं हसणं, की तिला सिरिंज खाली ठेवावी लागली. मला आणखीनच राग आला.

“हसतेस काय?”

“काही नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “आजवर माझ्यासमोर या गोष्टीवरून सगळे रडतच आलेत. माझ्यावर असं कुणी खेकसलं नव्हतं.”

रविवारी मामी आणि दिवाकर अकराच्या बसने आले. मामी आल्या आल्या फ्रीजपाशी गेली. दार उघडून आत हात घातला. “बाप्पा! एवढं थंडं!” तिने दार लावलं, पुन्हा उघडलं, आतला दिवा लागतो का ते वाकून पाहिलं. मधल्या कप्प्यातला फडक्यातला डबा तिच्या हातापासून वीतभर होता.  काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. इंगोलेकाका खिडकीबाहेर बघत होते आणि आमचे हे मोठमोठ्याने धरणाच्या भिंतीची उंची सांगत होते, जी कुणी विचारली नव्हती.

दिवाकर सडपातळ, अबोल मुलगा. नव्या शर्टाची घडी मोडली नव्हती. कुंदा सरबताचा ट्रे घेऊन आली. मामीने नेहमीचे प्रश्न विचारले, कुंदाने नीट उत्तरं दिली. सगळं छान चाललं होतं. मला वाटलं, होऊन जाईल आता, आणि मग मी जन्मभर त्या डब्याबद्दल गप्प बसायचं.

मामीने समोरची श्रीखंडाची वाटी उचलली. रात्री पुन्हा दही मागून आणून, बांधून, मी ते दुसऱ्यांदा केलं होतं. मामीने कुंदाला जवळ बोलावलं.

“घे माय, तोंड गोड कर. मले पसंत हायेस तू.”

“राहू द्या मामी, नंतर खाईल ती,” काकू घाईने म्हणाल्या.

“नंतर काहून? माह्या हातून खाऊ दे.”

काकू डोळ्यांनी खुणावत होत्या, खा, खा. कुंदाने चमचा हातात घेतला. आईकडे पाहिलं. मग चमचा वाटीत परत ठेवला.

“मामी, मला गोड चालत नाही.”

“काहून? उपास हाये?”

“नाही.”

ती उठली, फ्रीजपाशी गेली, डबा काढला आणि आणून सरबताच्या पेल्यांमध्ये ठेवला. गाठ सोडली.

“मला साखरेचा आजार आहे. लहानपणापासून. रोज दोनदा हे टोचून घ्यावं लागतं, आणि हे गार जागेत ठेवावं लागतं. एवढ्यासाठीच हे इथे ठेवतो. चुकवलं तर मी मरते. बाकी मी सगळी कामं करते.”

“कुंदे!” काकूंच्या तोंडून किंकाळीच फुटली.

 मामीने वाटी खाली ठेवली. मला वाटलं ती कुंदाला बोलणार, काकूंना बोलणार. पण ती वळली माझ्याकडे.

“नलू, तुले माहीत होतं?”

“काल कळलं.”

“काल कळलं! अन् आज मले श्रीखंड चारून राह्यली?”

“तुम्हीच शिकवलं तिला!” इकडून काकू माझ्यावर धावल्या. “काल तुमच्याच घरून आली अन् हे डोक्यात घेऊन आली!”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे बघत होते.

या गोंधळात दिवाकरने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“दुखतं का?”

त्याने कुंदाला विचारलं होतं. कुंदा म्हणाली, “सुई बोथट असली की दुखतं.”

त्याने हातातला पेला खाली ठेवला. मग जणू हिशेबच मांडतोय अशा गंभीरपणे म्हणाला, “आमच्याकडे फ्रीज नाही. पण आमच्या ऑफिसात बियाण्यांसाठी एक…”

“ऊठ!” मामी कडाडली. “ऊठ आधी!”

त्याला दंडाला धरून ती बाहेर पडली. त्या उन्हात, बसला अजून बराच अवकाश असताना. मी मागून पाण्याची बाटली घेऊन धावले, ती मामीने घेतली नाही. दिवाकरने घेतली.

सोयरीक अर्थातच मोडली. पुढच्या वर्षी त्याचं लग्न वाशिमच्या मुलीशी झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं. मामीने पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात पाय ठेवला नाही, आणि ह्यांनी त्या वर्षांत मला अनेकदा ऐकवलं की तुझ्यामुळे माझं माहेरघर तुटलं. पुरुषांना माहेर असतं हे मला तेव्हाच कळलं. इंगोलेकाकूंनी माझ्याशी बोलणं टाकलं. समोर दिसल्या की तोंड फिरवायच्या. मात्र डबा माझ्याच फ्रीजमध्ये! माझ्याशी अबोला, पण माझ्या फ्रीजशी संबंध चालू. आता कुंदा यायची, सकाळ-संध्याकाळ, पुढच्या दाराने. इथेच टोचून घ्यायची, बिनसाखरेचा चहा घ्यायची आणि तशीच शाळेत जायची.

शनिवारी ओट्यावर काढलेली सगळ्यांची भांडी एव्हाना एकेक करून माझ्या फ्रीजमध्ये परत आली होती. तेवढ्यात कुंदाची बातमी वसाहतभर झाली. आणि मग एक गंमत झाली. गंमत म्हणायची की संताप, मला अजून ठरवता येत नाही. मानकरबाईंनी आपला आमरस नेला. म्हणाल्या, “नाही, आता काही ठेवायचं नाही आम्हाला. कसला आजार, कशाला त्याच्या शेजारी खाण्याचं?” मी सांगून सांगून दमले की हा आजार असा उडून लागत नाही. चौधरीबाईंनी गजरेसुद्धा नेले. माझ्या ओरडण्याने जे झालं नव्हतं ते त्या चिमुकल्या बाटलीने केलं. फ्रीज पहिल्यांदा पूर्णपणे माझा झाला. आत एक भांडं, एक डबा आणि दिवा. मी दार उघडून बघायची आणि उगाच चिडायची.

असेच काही दिवस गेले असतील. एका सकाळी कुंदा आत बसली होती आणि दार वाजलं. बाहेर एक बाई उभी होती, खाली मजुरांच्या वस्तीतली. मुरूम वाहणाऱ्या ट्रकवरच्या एका ड्रायव्हरची बायको होती, हे मागाहून कळलं. कडेला आठ-नऊ वर्षांची मुलगी, हातापायांच्या नुसत्या काड्या, ओठ सुकलेले. बाईच्या हातात ओल्या चिंधीची पुरचुंडी.

“बर्फ नाही,” मी सवयीने म्हटलं.

“बर्फ नाही पाह्यजे जी. इथं इंगोल्याची पोरगी येते काय? सुई घेणारी?”

मला वाटलं, आता ही लांबून बघायला आली. तशाही दोघी-तिघी येऊन गेल्या होत्या. मी दार लोटणार होते.

“नळावर बाया बोलून राह्यल्या होत्या,” बाई म्हणाली. “म्हणत होत्या, ह्या घरी मशीन हाये, त्याच्यात औषध खराब होत नाही.” तिने पुरचुंडी उलगडली. आत तसलीच बाटली होती. “नांदेडच्या मोठ्या दवाखान्यातून आणली. मी मडक्यात ठेवतो. पण हे पोरगी दिवसेंदिवस वाळून चालली जी.”

कुंदा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने बाटली घेतली, हलवली, दाराच्या उजेडात धरली. आत पांढरे कण चिकटले होते, काचेला, दही फाटल्यासारखे.

“हे टोचू नका आता,” ती म्हणाली. “हे गेलंय.”

 कुंदाने आत जाऊन आपला डबा आणला, त्यातून तिची दुसरी, नुकतीच आणलेली, न उघडलेली बाटली काढली आणि बाईच्या हातात ठेवली. मग पुन्हा घेतली. “नको, इथेच ठेवू. तुम्ही रोज हिला घेऊन या. आजची सुई मी देते. डॉक्टरांनी किती सांगितलंय?”

बाई बोटांवर खूण करून सांगू लागली. मुलगी मात्र बाटलीकडे बघत नव्हती, फ्रीजकडेही नाही. ती कुंदाकडे बघत होती. कुंदाच्या साडीकडे, हातातल्या घड्याळाकडे, खांद्याला लटकवलेल्या शाळेच्या पिशवीकडे.

“हे पण सुई घेते?” तिने आईला विचारलं.

“मी पण घेते,” कुंदा म्हणाली. “तुझ्याहून थोडी मोठी होते तेव्हापासून घेते.”

मुलगी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत राहिली. मग आईचा पदर ओढून हळूच म्हणाली,

“माय, हे तं मोठी झाली.”

 तोंडावर पदर दाबून तिची आई दाराच्या चौकटीला टेकली आणि तिचे खांदे हलू लागले. कुंदाने मुलीचा हात धरून तिला आत आणलं, पाटावर बसवलं.

“वहिनी, पाणी उकळायचंय,” ती म्हणाली.

मी स्टोव्ह पेटवला.